इंजिन माउंटिंग परत बसवताना भोकं जुळत नाहीत? मग काम या क्रमाने करा

जुनं माउंटिंग, म्हणजे इंजिनाला बॉडीवर धरून ठेवणारा रबराचा आधार, अर्ध्या तासात निघतं. नवं बसवायला घेतलं की पहिला बोल्ट लागतो, दुसरा कसाबसा लागतो आणि तिसऱ्याचं भोक चार-पाच मिलिमीटर बाजूला गेलेलं दिसतं. मग पहार येते. एक जण इंजिन हलवतो, दुसरा जॅक वरखाली करतो, आणि शेवटी तिसरा बोल्ट तिरका असतानाच गोटी (सॉकेट पाना) लावून आवळला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटचे आटे तिथेच जातात आणि एका दुपारच्या कामासाठी आठवडाभर ब्रॅकेट शोधत फिरावं लागतं.

माउंटिंग परत बसवणं सोपं जाणार की अवघड, हे जुनं काढण्याआधीच ठरलेलं असतं. इंजिन कसं टेकलंय, गाडी किती तिरकी उभी आहे, बाकीची माउंटिंग किती घट्ट आहेत, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. भोक जुळत नसेल तर इंजिन जागेवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. इंजिन भोकापाशी आणायचं आणि मग बोल्ट घालायचा. बोल्टनेच इंजिन ओढून आणायला गेलं की नुकसान ठरलेलं.

हा लेख पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे: स्विफ्ट, वॅगन आर, आय१०, टियागो आणि त्यांच्यासारख्या. बोलेरो, सुमो किंवा ईकोमध्ये इंजिन उभं म्हणजे लांबीच्या दिशेने असतं. तिथली माउंटिंगची मांडणी वेगळी, त्यामुळे पुढच्या दिशा तिथे जशाच्या तशा लावू नका. अशा आडव्या इंजिनाला बहुधा तीन आधार असतात: एका टोकाला इंजिनाचं माउंटिंग (आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे, बेल्टच्या बाजूला), दुसऱ्या टोकाला गिअर बॉक्सचं, आणि खाली मागे टॉर्क रॉड, म्हणजे इंजिनाला पुढेमागे डुलू न देणारा दांडा. काही गाड्यांत चौथाही असतो. गॅरेजमध्ये माउंटिंगलाच ‘फाउंडेशन’ म्हणतात. मी पुढे उजव्या माउंटिंगचं उदाहरण धरून लिहितोय, कारण टायमिंग बेल्टच्या कामासाठीही बऱ्याच गाड्यांत तेच काढावं लागतं.

आधी समजून घ्या: भोकं का सरकतात?

गिअर बॉक्स धरून इंजिनाचं वजन शंभर किलोच्या पुढे असतं आणि ते रबरावर टांगलेलं असतं. एका टोकाचा आधार काढला की उरलेल्या रबरांना पीळ बसतो आणि इंजिन नवी जागा शोधतं. जॅक इंजिनाच्या नेमक्या मध्याखाली नसतो, त्यामुळे उचलताना इंजिन वर जाता जाता थोडं फिरतंही. गाडीची एकच बाजू उचललेली असेल तर सगळं वजन खालच्या बाजूला झुकतं.

याशिवाय एक कारण लोक विसरतात. जुन्या माउंटिंगचं रबर वर्षानुवर्षं दबून बसलेलं असतं. नवं माउंटिंग त्यापेक्षा काही मिलिमीटर उंच असतं. जुनं ज्या उंचीवर निघालं त्याच उंचीवर नवं बसेल, हे गृहीत धरू नका.

तयारी: आदल्या संध्याकाळी

बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कोकणात, किनाऱ्यालगत चालणाऱ्या गाड्यांत हे दोनदा करा, संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा. खाऱ्या हवेने स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये असा धरतो की घाई केली तर डोकं तुटून हातात येतं. स्प्रे रबरावर उडू देऊ नका. मध्ये जुनी फडकी लावा.

नवं माउंटिंग घरी आणल्यावर जुन्याशी ताडून बघायचं असतं, पण जुनं तर अजून गाडीत आहे. म्हणून निदान एवढं बघा: भोकांची संख्या, स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला बोल्ट) वर आहे की खाली, बाण किंवा वरच्या बाजूची खूण आहे का, जागा धरणारी छोटी पिन आहे का. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं माउंटिंग वेगळं असू शकतं. दुकानदाराला गाडीचा चॅसिस नंबर द्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका.

द्रव भरलेलं, म्हणजे हायड्रॉलिक माउंटिंग असेल तर बसवेपर्यंत ते उभंच ठेवा. आडवं टाकू नका, हाताने दाबून बघू नका.

जवळ काय काय हवं:

- ट्रॉली जॅक, शक्यतो दोन. एक इंजिनाखाली, दुसरा गिअर बॉक्सखाली.
- जॅक स्टँड, म्हणजे घोड्या, दोन. विटा किंवा दगड चालणार नाहीत.
- सागाचा किंवा तशाच टणक लाकडाचा ठोकळा, साधारण वीतभर लांब-रुंद आणि दोन बोटं जाड. खोक्याच्या फळ्यांचं लाकूड दाबाखाली चिरतं, ते नको.
- गोटी सेट, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने.
- टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने (टॉर्कने) आवळला ते दाखवणारा पाना. हा नसेल तर एक दिवसासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय शेवटचा टप्पा करू नका.
- निमुळता पंच किंवा टोक निमुळतं असलेली गोल सळई.
- पांढरा पेंट मार्कर, मोजपट्टी, तारेचा ब्रश.
- तुमच्या बोल्टच्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट, ७५ ते १०० मिलिमीटर. ते कशासाठी, हे टप्पा ४ मध्ये येईल.

टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून कागदावर उतरवून घ्या. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, त्यांना मॅन्युअलमध्ये तशी खूण असते. ते नवे आणा.

टप्पा १: गाडी सरळ उभी करा

१. सपाट, पक्की जागा निवडा. अंगणातल्या मातीत जॅक रुततो आणि इंजिन नकळत अर्धा इंच खाली येतं. शहाबादी फरशी असेल तर जॅकची चाकं सांध्यात अडकतात. दोन्ही ठिकाणी खाली जाड प्लायवूडचा तुकडा घाला.

२. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हँड ब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

३. गाडी उचलायची असेल तर पुढच्या दोन्ही बाजू सारख्या उचला आणि दोन्हीकडे घोडी लावा. काम उजवीकडे आहे म्हणून फक्त उजवी बाजू उचलली जाते, आणि बहुतेकांचं काम पहिल्यांदा बिघडतं ते इथेच. वरूनच हात पोहोचत असेल तर गाडी चाकांवरच राहू द्या, ते सर्वांत बरं.

> इशारा: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालू नका. इंजिन जॅकवर असताना त्याच्या खालीही नाही.

टप्पा २: काढण्याआधी खुणा आणि मापं

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे. बसवताना एक तास वाचवतो तो हाच.

१. वरून, बाजूने, समोरून फोटो काढा. प्रत्येक फोटोत माउंटिंगसोबत आजूबाजूचा थोडा भाग यायला हवा, नुसतं माउंटिंग नको.

२. माउंटिंगची कड बॉडीवर आणि ब्रॅकेटवर जिथे टेकते तिथे मार्करने बारीक रेघ ओढा. बऱ्याच माउंटिंगची भोकं बोल्टपेक्षा मोठी किंवा लांबट असतात. त्यात बोल्ट नेमका कुठे होता, हे नंतर या रेघेवरूनच कळतं.

३. तीन मापं घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून इंजिनावरच्या एखाद्या ठरलेल्या बोल्टपर्यंतची उंची. त्याच भागापासून शेजारच्या चॅसिसच्या पत्र्यापर्यंतचं आडवं अंतर. आणि इंजिनाच्या वरच्या भागापासून मागच्या आडव्या पत्र्यापर्यंतचं अंतर. ही तीन मापं म्हणजे इंजिनाचा पत्ता आहे. गाडी घोडीवर चढवल्यावर जमिनीपासूनची उंची बदलते, म्हणून ते माप गाडी शेवटच्या स्थितीत उभी केल्यावरच घ्या.

४. माउंटिंगच्या वर काय काय आहे ते बाजूला करा. कूलंटची टाकी, वायपरच्या पाण्याची बाटली, एसीच्या अ‍ॅल्युमिनियम पाइपची क्लिप. टाकीचे पाइप सोडवायची गरज नसते. टाकी तिच्या बोल्टमधून सोडवून दोरीने बाजूला बांधली की झालं. माउंटिंगवरून अर्थिंगची तार जात असेल तर तिचा बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा. ही तार परत लावायची राहिली तर गाडी नीट स्टार्ट होत नाही आणि दोष मात्र बॅटरीत शोधला जातो.

टप्पा ३: इंजिनाला आधार, आणि वजन शून्य करणं

१. जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून तो इंजिनाखाली न्या. ऑइल चेंबरच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीच्या) पातळ पत्र्याच्या मधोमध जॅक लावला तर पत्रा आत जातो, आणि आत तेल ओढणारी जाळी त्या पत्र्याच्या अगदी जवळ असते. चेंबरची कड, जिथे तो ब्लॉकला बोल्टांनी जोडलेला असतो, ती ठोकळ्यावर टेकेल असं बघा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव असेल तर ठोकळा रुंद हवा. तेलाच्या ड्रेन बोल्टवर भार अजिबात नको.

२. जॅक काढायच्या माउंटिंगच्या जितका जवळ, तितकं इंजिन कमी फिरतं. गाडीच्या मध्याशी लावलेला जॅक गिअर बॉक्सची बाजू उचलतो आणि तुमचं टोक तसंच लटकत राहतं.

३. हळूहळू पंप करा आणि माउंटिंगच्या रबराकडे बघत राहा. दबलेलं रबर आधी सैल पडतं, मग त्याला वर ताण बसायला लागतो. या दोन्हींच्या मध्ये थांबायचं आहे. बोनेट किंवा गाडीचा पुढचा भाग वर यायला लागला तर जॅक जास्त झालाय, थोडा खाली घ्या.

४. आता माउंटिंगचे सगळे बोल्ट पाऊण फेरा सैल करा, काढू नका. मग एकेक बोल्ट बोटांनी फिरवून बघा.

> तपासा: पहिला आटा सुटल्यावर बोल्ट बोटांनी फिरत बाहेर येतोय का? येत असेल तर माउंटिंगवर वजन उरलेलं नाही आणि जॅकची उंची बरोबर आहे. पाना लावूनच फिरवावा लागत असेल तर जॅक थोडा वर किंवा खाली करून पुन्हा बघा. गंजलेला बोल्ट याला अपवाद.

ही तपासणी या सगळ्या कामाचा कणा आहे. बोल्ट सैल निघाला तर परत सैलच जाईल. झटक्याने सुटला, इंजिन धपकन खाली बसलं, तर परत बसवताना तेवढीच झुंज करावी लागणार.

५. बोल्ट मोकळे झाले की जमिनीपासून उंची पुन्हा मोजा आणि लिहा. इथून पुढे जॅकला कारणाशिवाय हात लावायचा नाही.

६. आता टॉर्क रॉडचा एक बोल्ट आणि गिअर बॉक्सकडच्या माउंटिंगचे बोल्ट दोन फेरे सैल करा. काढायचे नाहीत. दुसरा जॅक असेल तर तो गिअर बॉक्सखाली नुसता टेकवून ठेवा. बाकीचं सगळं घट्ट ठेवून एकच माउंटिंग जुळवायला गेलं की इंजिनाला हलायला जागाच राहत नाही. भोक चार मिलिमीटर बाजूला दिसतं ते बहुतेक वेळा यामुळे.

यानंतरच माउंटिंग काढा.

> इशारा: इंजिन दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त वर किंवा खाली नेऊ नका. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअर बॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) आतला जॉइंट ओढला जातो, सायलेन्सरच्या लवचिक पाइपला, एसीच्या आणि कूलंटच्या पाइपांना ताण बसतो. बेल्टच्या कामासाठी जास्त हलवावं लागलं तर दर सेंटीमीटरला थांबून हे सगळं बघा.

टप्पा ४: नवं बसवण्याआधीची सफाई

जुनं आणि नवं माउंटिंग शेजारी शेजारी सपाट फरशीवर ठेवा. भोकांमधलं अंतर सारखं हवं. उंचीत फरक असेल तर किती, ते मोजा. नवं पाच मिलिमीटर उंच असेल तर बसवताना इंजिनही साधारण तेवढंच वर लागेल, हे आता कळलं तर पुढे गोंधळ होत नाही. भोकांमधलं अंतरच वेगळं असेल तर ते माउंटिंग चुकीचं आहे. कानस मारून भोक मोठं करू नका, परत द्या.

बॉडीवरची आणि ब्रॅकेटवरची टेकण्याची जागा तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा एखादा पापुद्रा राहिला तरी माउंटिंग तिरकं बसतं आणि लांबच्या भोकात तो तिरकेपणा वाढून दिसतो. आट्यांच्या भोकात हवा मारा. जुने बोल्ट ब्रशने साफ करून हाताने पूर्ण आत जातात का ते बघा, माउंटिंग न लावता, नुसतेच. हाताने जात नसेल तर योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून आटे साफ करा. १० आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टमध्ये १.२५ पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर) बारीक आटेही येतात आणि १.५ किंवा १.७५ चे जाडही. अंदाजाने टॅप उचलला तर चांगले आटे जातील.

आता ते दोन लांब बोल्ट. त्यांची डोकी हॅक्सॉने कापा, कापलेलं टोक कानशीने निमुळतं करा आणि त्यावर स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच पाडा. झाले तुमचे वाटाडे स्टड. आट्यांच्या भोकात ते हाताने पाच-सहा फेरे लावले की माउंटिंग त्यांच्यावरून सरकत आपोआप जागेवर येतं. शंभर रुपयांच्या आतलं हे साधन पहारीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. नट-बोल्टच्या दुकानात जाताना जुना बोल्ट सोबत न्या, माप सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. तुमच्या गाडीत ब्रॅकेटमधूनच स्टड वर येत असेल आणि त्यावर नट बसत असेल तर तिथे वाटाड्याची गरज नाही.

रबराच्या बुशमध्ये (बोल्टभोवतीच्या नळीत) लांब बोल्ट घालायचा असेल तर साबणाचं पाणी किंवा रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

टप्पा ५: माउंटिंग जागेवर आणणं

१. वाटाडे स्टड लांबच्या दोन भोकांत लावा. जवळजवळच्या दोन नकोत.

२. माउंटिंग बाणाची दिशा बघून सरकवा. जागा धरणारी पिन असेल तर ती तिच्या भोकात गेली पाहिजे. पिन भोकाच्या कडेवर बसलेली असताना बोल्ट आवळला तर पिन तुटते किंवा पत्रा वाकतो.

३. बॉडीच्या बाजूचे बोल्ट हाताने, निदान चार-पाच फेरे. मग इंजिनाच्या ब्रॅकेटच्या बाजूचे, तसेच हाताने. वाटाडे एकेक काढत त्यांच्या जागी खरे बोल्ट लावा.

४. सगळे बोल्ट लागेपर्यंत एकही आवळायचा नाही. वाचायला सोपं आहे, पण पहिला बोल्ट लागला की हात आपोआप पान्याकडे जातो. पहिला आवळला की उरलेल्यांना जागा सोडायला काही राहत नाही.

> तपासा: बोल्ट पहिल्या फेऱ्यातच अडतोय? उलटा फिरवा, ‘टक्’ असा हलका आवाज होऊन आटा आट्यात बसल्याचं जाणवतं, मग सुलटा फिरवा. तरी अडला तर बोल्ट तिरका चढतोय. गोटी लावू नका, बाहेर काढा.

टप्पा ६: तरीही भोक जुळत नसेल तर

पहार उचलण्याआधी भोकातून टॉर्च मारून बघा, आट्यांचं भोक कोणत्या बाजूला सरकलंय. दिशेवरून उपाय ठरतो. आणि इंजिन जागेवर असल्याचा अंदाज डोळ्याने करू नका, टप्पा २ मधली तीन मापं आणि बोल्ट मोकळे झाल्यावरची उंची बघा.

*इंजिनाचं भोक खाली राहिलंय.* जॅक अर्धा-अर्धा पंप वर. बहुतेक वेळा नव्या माउंटिंगची जास्त उंची हेच कारण असतं. वर राहिलं असेल तर जॅकचा व्हॉल्व्ह अगदी केसभर उघडून खाली घ्या. व्हॉल्व्ह एकदम उघडला की इंजिन दोन इंच खाली येतं, आणि त्या वेळी फटीत बोट असलं तर बोट जातं. भोक बोटाने चाचपायची सवय सोडा. पंच वापरा.

*पुढे किंवा मागे सरकलंय.* आडवं इंजिन क्रँकच्या रेषेभोवती पुढेमागे डुलतं, आणि त्याला धरून ठेवतो तो टॉर्क रॉड. त्याचा बोल्ट खरंच सैल आहे का ते बघा. सैल असेल तर इंजिनाचा वरचा भाग दोन्ही हातांनी ढकलूनच जागेवर येतो. जड जात असेल तर जॅकचा ठोकळा दोन बोटं पुढे किंवा मागे सरकवा. भोक मागे गेलं असेल तर ठोकळा मागे, म्हणजे उचलताना इंजिन पुढे कलतं. ठोकळा सरकवताना इंजिन अधांतरी राहायला नको. आधी दुसरा जॅक किंवा निदान एक बोल्ट धरलेला हवा.

*डावीकडे किंवा उजवीकडे.* हे सर्वांत चिवट. इथे गिअर बॉक्सच्या माउंटिंगचे बोल्ट आणखी दोन-तीन फेरे सैल करा. मग सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा इंजिनाच्या मजबूत ब्रॅकेटला आणि गाडीच्या चॅसिसला अडकवून एकेक दात ओढा. पट्ट्याचा फायदा असा की ओढलेलं इंजिन तिथेच राहतं आणि दोन्ही हात बोल्टला मोकळे मिळतात. पहारीने दाबून धरलं तर एक हात गुंतलेला राहतो, आणि पहार टेकवायला लोक हमखास एसीचा पाइप किंवा टायमिंग कव्हर निवडतात. पहार वापरायचीच असेल तर दोन्ही टोकांखाली लाकूड हवं.

*भोक जागेवर आहे, पण माउंटिंगचा तळ तिरका टेकतोय.* इंजिन स्वतःच कलंडलंय. जॅक बहुधा एका कडेला आहे. गिअर बॉक्सखालचा दुसरा जॅक थोडा वर घेऊन बघा. अनेकदा तेवढ्यानेच तळ सपाट बसतो.

*शेवटचे एक-दोन मिलिमीटर राहिलेत.* आता निमुळता पंच. तो शेजारच्या भोकात घालून हळूच कलता करा, तेवढ्यात उरलेला बोल्ट हाताने लावा. पंचाने एक-दोन मिलिमीटरच जुळवायचे. पाच मिलिमीटर जुळवायला गेलात तर भोकाची कड जाते.

काही जण गाडी गिअरमध्ये टाकून पुढेमागे ढकलतात, म्हणजे इंजिन आपोआप डुलतं. इंजिन जॅकवर असताना हे कधीही करू नका. जॅक सुटला तर थांबवायला वेळ मिळत नाही.

टप्पा ७: वजन सोडा, मग आवळा

१. सगळे बोल्ट हाताने टेकलेले आहेत. आता जॅक हळूहळू खाली घ्या, इंजिनाचं वजन माउंटिंगवर येऊ द्या. जॅक पूर्ण काढू नका, ठोकळ्याखाली बोटभर अंतरावर राहू द्या.

२. इंजिन वरून धरून पुढेमागे तीन-चार वेळा हलवा. रबर आपल्या जागी बसतं. मार्करच्या रेघा जुळल्यात का बघा. नव्या माउंटिंगमुळे थोडा फरक दिसेल, पण एका बाजूला बरंच सरकलेलं असायला नको.

३. मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर आधी बॉडीच्या बाजूचे, मग इंजिनाच्या बाजूचे. प्रत्येक बोल्ट दोन खेपांत: पहिल्या खेपेत निम्म्या टॉर्कवर सगळे, दुसऱ्या खेपेत पूर्ण.

आकड्यांबद्दल थोडं. ८.८ ग्रेडच्या १० मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टला ८० ते ८५ न्यूटन-मीटर, एवढा अंदाज येतो. पण हा फक्त अंदाज. अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलचाच धरा. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर त्याला ९.८ ने गुणा. आणि मॅन्युअल सांगत नसेल तर आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. तेलाने घर्षण कमी होतं, टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो, पण बोल्ट त्याहून जास्त ताणला जातो.

४. आता गिअर बॉक्सच्या माउंटिंगचे बोल्ट, त्याच पद्धतीने.

५. टॉर्क रॉड सर्वांत शेवटी. त्याच्या बुशचं रबर दोन्ही बाजूंनी धातूला चिकटवलेलं असतं. इंजिन ओढलेल्या स्थितीत असताना बोल्ट आवळला तर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं, सुस्त गतीलाही (आयडलिंगलाही) गाडी थरथरते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उतरवा, इंजिन पुन्हा एकदा हाताने हलवून सोडा, आणि मगच हा बोल्ट आवळा. तीन सिलिंडरच्या गाड्यांत, म्हणजे टियागो पेट्रोल किंवा एक लिटरची वॅगन आर, हे जास्त काळजीने करा. त्यांचा थरकाप मुळातच जास्त असतो.

> तपासा: आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून बॉडीपर्यंत मार्करची एक रेघ ओढा. कोणता आवळायचा राहिलाय ते लगेच दिसतं, आणि पुढे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

टप्पा ८: चावी फिरवण्याआधी आणि नंतर

अर्थिंगची तार, एसी पाइपची क्लिप, कूलंटची टाकी, वायरिंगचे क्लॅम्प परत लावा. इंजिन आणि बॉडी यांच्यात सगळीकडे फट हवी. रेडिएटरचा पंखा, सायलेन्सरचा पाइप आणि बेल्टची पुली या तीन जागा टॉर्च लावून बघा. हत्यारं मोजून पेटीत ठेवा. मगच बॅटरीची तार जोडा.

इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये, एसी बंद. मग एसी चालू. स्टिअरिंगवर हात ठेवून थरकाप जाणून घ्या. नवं रबर कडक असतं, पहिले काही दिवस थोडा जास्त जाणवेल. पण आरसा थरथरत असेल तर इंजिन कुठेतरी ताणलेलं आहे. इंजिन बंद करा, तिन्ही माउंटिंगचे बोल्ट एकच फेरा सैल करा, त्याहून जास्त नाही. इंजिन हाताने हलवा, अर्धा मिनिट सुस्त गतीला चालवून बंद करा, आणि टप्पा ७ च्या क्रमाने पुन्हा आवळा. असं करताना सैल कपडे, ओढणी, बाही इंजिनाच्या फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा.

मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून बघा. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये घेताना ‘धप्’ असा आवाज आला तर टॉर्क रॉडचा बोल्ट बघा. वळणावर घासल्याचा आवाज आला तर फटी पुन्हा बघा. गिअर आधीपेक्षा जड पडत असेल तर गिअर बॉक्सचं टोक जागेवर बसलेलं नाही. काही गाड्यांत तेवढ्यानेही गिअरची केबल ताणली जाते.

दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की बोनेट उघडून मार्करच्या रेघा बघा. सरळ असतील तर बोल्टना हात लावू नका. एखादी तुटलेली दिसली तर तो बोल्ट सैल करून, आटे बघून, ठरलेल्या टॉर्कवर पुन्हा आवळा.